पाण्यात होता त्याचं नाव आधी

बडोद्यात बाग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कमाटी बाग येते. तिथे आम्हीही जायचो, पण ते सणासारखं. नवे कपडे घालून, डबा बांधून, वर्षातून दोन-तीनदा. रोजची बाग वेगळी होती. दांडिया बाजाराकडून नदीकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीच्या टोकाला ती होती आणि तिला सगळे छोटी बाग म्हणायचे. काही कडुनिंब, एक बकूळ, गंजलेला झोपाळा आणि कधीच न लागणारं फाटक. एका कोपऱ्यात माझ्या तेव्हाच्या खांद्याएवढा पिवळट दगड उभा होता. त्यावर दोन माणसांची नावं कोरलेली होती, डावीकडे गुजरातीत आणि उजवीकडे मराठीत. ती नावं मी इथे लिहीत नाही. दोघांच्याही घरची माणसं आज आहेत, आणि त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं मला बरं वाटत नाही.

त्या दोघांना मी पाहिलं होतं. एक आमच्या गल्लीतले काका, लग्नामुंजीची जेवणं करणारे आचारी. दुसरा पलीकडच्या मोहल्ल्यातला तरुण शिंपी. तो नाक्यावर पत्र्याखाली मशीन टाकून बसायचा आणि आमच्या फ्रॉकना काठ लावून द्यायचा.

मी सात वर्षांची असताना विश्वामित्री नदी चढली. सकाळी पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं, दुपारी आमच्या ओट्यावर चढून घरात भरलं. वडील शिकवायचे ती शाळा नदीपलीकडे, ते तिथे अडकले होते. घरात आई, मी आणि काही महिन्यांचा माझा भाऊ. आई त्याला छातीशी धरून पलंगावर उभी होती. तेवढ्यात दारातून एक प्रचंड कढई आत आली. बासुंदी आटवायची, काकांची. काका तिच्यात मांडी घालून बसले होते आणि मोठ्या झाऱ्याने पाणी कापत होते. मागे गळ्याएवढ्या पाण्यात तो शिंपी कढईची कड धरून तिला ढकलत होता.

आम्हाला तिघांना कढईत घेतलं. मला आठवतो तो तुपाचा वास. एवढ्या गढूळ पाण्यात, आणि कढईला तुपाचा वास येत होता! मी वाकून पाणी बघायला लागले तशी कढई डुगडुगली. शिंपी हसत म्हणाला, "बेन, हलशो नहीं हं, नहीं तो पूरीनी जेम तळाई जशो." पुरीसारखं तळून निघायच्या कल्पनेने मीही हसले. आई तेवढी हसली नाही.

आम्हाला जवळच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर सोडून ते परत गेले. असे किती जणांना त्यांनी आणलं कोण जाणे, संध्याकाळपर्यंत तो मजला भरला होता. शेवटी खालच्या अंगाच्या घरातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला आणायला ते निघाले. तिथे नाल्याचं पाणी नदीच्या पाण्याला मिळत होतं. कढई भोवऱ्यात सापडून उलटली. काकांना पोहता येत नव्हतं. शिंप्याला उत्तम येत होतं. तो कडेला लागला असता. तो काकांच्या मागे गेला. दुसऱ्या दिवशी पुलाच्या खाली दोघे सापडले. ज्यांना आणायला निघाले होते ते म्हातारा-म्हातारी माळ्यावर बसून राहिले आणि वाचले.

पाणी ओसरल्यावर गल्लीने आणि मोहल्ल्याने मिळून बागेत दगड उभा करायचं ठरवलं. माझे वडील चित्रकलेचे शिक्षक. अक्षरं त्यांनी खडूने काढायची आणि पाथरवटाने कोरायची, असं ठरलं. बैठक आमच्या ओट्यावर झाली. ही हकिगत वडील मला पुढे अनेकदा सांगायचे. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि कुणीतरी विचारलं, नाव कुणाचं आधी? त्यावरून कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं काका वयाने मोठे. कुणी म्हणालं कढई त्यांची. मोहल्ल्यातले दोघे-तिघे काही बोलेनात, आणि ते न बोलणंच जड व्हायला लागलं.

काकांची बायको दाराशी बसली होती. आमची ती काकू. तेव्हा तिशीचीही नव्हती. पदरात एक लहान मुलगी. ती म्हणाली, "हे कढईत होते. तो पाण्यात होता. पाण्यात होता त्याचं नाव आधी."

शिंप्याची आई समोरच होती. तिला मराठी येत नव्हतं. शेजारच्या बाईने तिला ते गुजरातीत सांगितलं, तेव्हा ती उठून काकूजवळ येऊन बसली. त्याआधी त्या दोघी एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या.

त्या आईला आम्ही मुलं खाला म्हणायचो.

मुलाचं मशीन खालानेच चालवायला घेतलं. घरी बसून ती झबली, परकर, उशांचे अभ्रे शिवायची. काकू चकल्या, शेव, पुरणपोळ्या करून द्यायला लागली. दिवसभर दोघी राबायच्या आणि ऊन कललं की बागेत यायच्या. दगडासमोर एकच बाक होता. सुरुवातीला एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. मग एकदा काकूने खंडेराव मार्केटातून ऑर्डरीसाठी मटार आणले आणि घरी न जाता तशीच बागेत आली. पिशवी बाकावर मधे ठेवून सोलायला बसली. खालाने न विचारता हात घातला. त्या दिवसापासून मधली जागा भरली ती भरलीच. मटार नसतील तेव्हा लसूण, लसूण नसेल तेव्हा खालाच्या कपड्यांची काजं-बटणं.

त्या काय बोलायच्या? आम्ही मुलं आजूबाजूलाच असायचो, तरी मला फारसं आठवत नाही. काकूचं गुजराती मराठी वळणाचं, खालाचं गुजराती हिंदुस्थानी वळणाचं. भाव, भाज्या, सांधेदुखी, मुलीची शाळा. गेलेल्या माणसांबद्दल बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. दगड समोर होता, त्यामुळे तेवढं बोलायची गरज पडत नसावी.

पण त्या दोघी तिथे बसायच्या म्हणून बाकीचे यायचे. गल्लीतल्या बायका आणि मोहल्ल्यातल्या बायका एरवी नळावर भांडायच्या. बागेत मात्र आवाज खाली असायचा. गल्लीत नवी सून आली की सासू तिला बागेत आणून दगड दाखवायची आणि कढईची गोष्ट सांगायची. आम्ही मराठी घरातली मुलं गुजराती अक्षरं शाळेच्या आधी त्या दगडावर शिकलो, डावीकडचं उजवीकडच्याशी जुळवून. लपाछपीत दगडाला हात लावला की सुटका. कुणी रागावलं नाही. खाला म्हणायची, "लगाडो, लगाडो. एने छोकरां गमतां हतां." त्याला मुलं आवडायची.

एक गोष्ट तेव्हा आम्हाला वेगळी वाटली नाही, आता वाटते. त्या एकमेकींच्या घरी कधी गेल्या नाहीत. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. कुणी मना केलं नव्हतं. ईदेला खाला शीरखुर्म्याचा डबा बागेत आणायची, काकू तो बागेतच खाऊन डबा नळावर विसळून द्यायची. काकूच्या मुलीच्या लग्नाचे ब्लाउज खालाने शिवले. मापं घेतली बकुळीखाली, आम्ही मुलींनी चादर धरली होती. लग्नाचं आमंत्रण होतंच. खाला मांडवाच्या दाराशी आली, मुलीच्या हातात काहीतरी ठेवलं आणि म्हणाली, "चालो, काले बागमां मळीए." उद्या बागेत भेटू.

मधे गावातली हवा बिघडली अशी वर्षंही आली. एकदा कर्फ्यू लागला आणि बरेच दिवस उठला नाही. मी तेव्हा कॉलेजात होते. कर्फ्यू उठला त्या संध्याकाळी आई मला म्हणाली, "जा, बघून ये." मी गेले तर काकू एकटीच बसली होती, मांडीवर लसूण. अंधारायला आलं तशी खाला फाटकातून आत आली. येऊन बसली.

काकू म्हणाली, "आज उशीर झाला."

खाला म्हणाली, "हा, जरा मोडुं थई गयुं." हो, जरा उशीर झाला.

आणि लसूण सोलायला लागली. मी घरी येऊन आईला एवढंच सांगितलं की दोघी आहेत. आईने देवापुढे दिवा लावला.

त्यानंतर काही दिवसांनी खालाच्या मोठ्या मुलाने घर विकलं आणि सगळे तांदळजाला, आपल्या माणसांच्या वस्तीत, राहायला गेले. मोहल्ल्यातली इतरही घरं हळूहळू रिकामी झाली. आमच्या गल्लीतलेही लोक पश्चिमेकडे, नव्या सोसायट्यांमध्ये जायला लागले. माझं लग्न झालं, मी वासण्याला आले, शाळेत शिकवायला लागले. वडील गेले. आईला मी माझ्याकडे आणलं. गल्लीत आमचं कुणी उरलं नाही.

खाला मात्र बसने बागेत येत राहिली. आधी आठवड्यातून एकदा, मग गुडघ्यांनी साथ सोडली तशी महिन्यातून एकदा, नातसुनेला बरोबर घेऊन. काकूला तिचा दिवस माहीत असायचा. मी कधी त्या बाजूला गेले तर डोकावायचे. दोघी मला बसवून घ्यायच्या, माझे केस पांढरे झाले म्हणून हसायच्या.

मग बागेचं सुशोभीकरण निघालं. सभोवती निळे पत्रे लागले. सुरुवातीला सगळ्यांनाच बरं वाटलं. झोपाळा खरोखर मोडला होता आणि पावसाळ्यात चिखल व्हायचा. पण काम रखडलं. ठेकेदार बदलला, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. पत्रे उभेच. त्या दिवसांतलं मला पुढे नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं. दोघी पत्र्याबाहेर उभ्या राहायच्या. बसायला काही नाही. थोडा वेळ उभं राहून बोलायच्या आणि जायच्या. एकदा तर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता आणि या दोघी रस्त्याच्या मधेच, हातात हात धरून.

त्यानंतर काकू घरात पडली. खुबा मोडला. मुलगी येऊन तिला आपल्या गावी, डभोईला घेऊन गेली. खाला आपल्या दिवशी आली तर काकू नाही. इस्त्रीवाल्याने सांगितलं, डभोई गयां, दीकरीने त्यां. खालाने विचारलं, डभोईमां क्यां? ते त्याला माहीत नव्हतं. काकूच्या घराला कुलूप. शेजारी नवे भाडेकरू. खाला आणखी दोन-तीनदा आली म्हणे, मग आली नाही.

यातलं मला त्या वेळी काहीच कळलं नाही. बाग पुन्हा उघडल्याचं मी पेपरात वाचलं आणि एका रविवारी गेले.

बाग सुंदर झाली होती, हे मान्य करायला हवं. रबराचा चालायचा रस्ता, व्यायामाची लोखंडी यंत्रं, फोटो काढण्यासाठी फुलांची कमान. बकूळ नव्हती. दगडाच्या जागी काळा ग्रॅनाइट होता, आरशासारखा गुळगुळीत. त्यावर सोनेरी गुजराती अक्षरांत लिहिलं होतं की पुरात प्राण देणाऱ्या वीरांना शत शत वंदन. मी पुढून, मागून, बाजूने फिरून पाहिलं. नावं कुठेच नव्हती.

बागेची समिती आहे असं कळलं. तिचे प्रमुख, निवृत्त गृहस्थ, सकाळी चालायला येतात. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलं. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता.

"नावं का नाही घातली?" मी विचारलं.

"बेन, आम्ही विचार केला होता," ते म्हणाले. "पण कोणाचं आधी, कोणाचं नंतर, त्यावरून उद्या वाद झाला तर? आजकालचे दिवस तुम्हाला ठाऊक आहेत. त्यापेक्षा सगळ्यांचंच स्मारक. कोणाला वाईट वाटायला नको."

"तो वाद मिटला होता," मी म्हटलं. "दगड उभा राहायच्या आधीच मिटला होता."

ओट्यावरची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी ग्रॅनाइटकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळे इथे नवीन." पुढच्या मीटिंगमध्ये विषय ठेवतो म्हणाले. जुना दगड काढताना दुभंगला होता. त्यांनी मला पंपाच्या खोलीमागे नेलं. तिथे मातीच्या ढिगाऱ्यात एक तुकडा दिसला. त्यावर एका नावाचा शेवट होता आणि दुसऱ्याची सुरुवात. वडिलांची वेलांटी मी कुठेही ओळखली असती. मी माती पुसली. आणखी काय करायचं ते सुचेना, तेव्हा तो तुकडा भिंतीला टेकवून उभा केला आणि निघाले.

काकूला हे सांगायला हवं, असं मनाने घेतलं. डभोईचा पत्ता मिळवायला वेळ लागला. शेवटी काकूच्या मुलीच्या एका मैत्रिणीकडून मिळाला. मी बसने गेले. काकू वेशीजवळच्या एका घरात, खिडकीशी खाटेवर होती. वाळून गेली होती, पण मला लगेच ओळखलं.

मी ग्रॅनाइटचं सांगितलं, नावांचं सांगितलं, तुटलेल्या दगडाचं सांगितलं. माझा आवाज चढला होता. काकू ऐकत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. माझं बोलणं संपायची वाट बघत असावी तशी.

"दगडाचं राहू दे गं," ती म्हणाली. "ती येते का?"

"ठाऊक नाही, काकू," मी म्हटलं.

"मी पडले तेव्हा तिला सांगायलाच जमलं नाही. मुलीला म्हटलं फोन कर. मुलगी म्हणाली, नंबर दे. नंबर कुठला? आम्ही कधी फोन केलाच नाही. गरजच नव्हती."

मी शोधते म्हणून कबूल करून आले. शोधणं अवघड गेलं नाही. तांदळजातल्या शिंप्यांना विचारत गेले, तिसऱ्या दुकानात खालाचा नातू भेटला. वासण्याचं आणि तांदळजाचं अंतर ते किती! माझा शाळेचा रस्ता त्यांच्या सोसायटीवरून जातो. इतकी वर्षं मी त्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजवत पुढे गेले.

खाला आदल्या हिवाळ्यात गेली होती. नातसुनेने मला चहा दिला आणि सांगितलं, "छेल्ले छेल्ले बहु कहेतां, बागमां लई जाओ. अमे कहीए, बाग बंद छे, दादी." मग म्हणाली, "पछी खुली गयो हतो. अमने खबर ज नहीं." शेवटी ती बागेत न्या म्हणायची, हे म्हणायचे बाग बंद आहे; पण बाग उघडली होती, त्यांना कळलंच नाही.

हे काकूला फोनवर सांगायचं नाही, असं ठरवून मी पुन्हा डभोईला गेले. सांगितल्यावर ती रडली नाही. मग मुलीला म्हणाली, "मला तिच्या घरी जायचंय."

मुलगी म्हणाली, "आई, आता कुणाकडे?"

"घर तर आहे ना?"

जावयाने गाडी काढली. तांदळजाला दुसरा मजला, लिफ्ट नाही. खालाच्या नातवाने आणि जावयाने काकूला खुर्चीत बसवून वर नेलं. दारात नातसुनेने तिच्या पायांना हात लावला. काकू आत बसली आणि एकेक वस्तू बघत राहिली: भिंत, पडदा, खालाची खाट, खाटेवरची तुकड्यातुकड्यांची गोधडी. खालाचा मोठा मुलगाही आता म्हातारा झाला होता. तो समोर बसला होता. तो म्हणाला, "अम्मी हंमेशा कहेतां, एक वार घरे लावीश एमने." एकदा घरी आणीन त्यांना.

"मलाही म्हणायची," काकू म्हणाली. "घरे आवो, घरे आवो. मी म्हणायचे, रोज तर भेटतोय. घरी काय वेगळं आहे?" तिने गोधडीवरून हात फिरवला. "वेगळं होतं. ही कुठे झोपते, कुठे बसून चहा पिते, मला काहीच ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं!"

मग ती रडली. नातसून तिच्याजवळ सरकली. खालाचा मुलगा उठून गच्चीत गेला.

जेवूनच जायचं असा त्यांनी आग्रह केला. खिचडी-कढी होती, काकूसाठी मुद्दाम साधी केलेली. काकू थोडंसं जेवली. निघताना मी विचारलं, परतताना बागेवरून जाऊ या का, वाटेवर नाही पण फार लांबही नाही.

"नको," ती म्हणाली. "तिथे आता कोण आहे?"

गाडी वळणाआड जाईपर्यंत मी खाली उभी होते. त्या गोष्टीला वर्ष होत आलं. समितीच्या मीटिंगमध्ये नावांचा विषय निघाला होता, असं प्रमुखांनी मला सांगितलं. ठरलं मात्र काही नाही. मी अधूनमधून आठवण करून देते आणि ते दर वेळी सौजन्याने बोलतात. खालाची नातसून काकूला रविवारी फोन करते. काकूला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे एक बोलते आणि दुसरी भलतंच उत्तर देते, तरी फोन बराच वेळ चालतो, असं काकूची मुलगी सांगत होती. गल्लीत परवा गेले होते. आमच्या जुन्या घरासमोर एक तरुण बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती. तिला मी विचारलं, इथे कधी पूर आला होता ते ऐकलंय का? ती म्हणाली, "ना आंटी, अमे तो हमणां ज आव्यां." ते आत्ताच राहायला आले होते. मी तिला गोष्ट सांगायला सुरुवात केली. पण मूल रडायला लागलं आणि ती आत गेली.